स्टीफन हिस्लॉप: नागपुरास आलेला तरुण आणि चांद्याचे रान

एटापल्ली, सिरोंचा, गोंडपिंपरी इकडील तरुण मुलगा किंवा मुलगी शिकण्यास अथवा एखाद्या संस्थेत सेवा करण्यास नागपुरास निघाली, म्हणजे घरची मंडळी मोटारीपर्यंत पोचवावयास येतात. पहिल्या महिन्यात तिकडून जी वर्तमाने येतात, ती बहुधा एकसारखीच असतात. तेथील बोलणे निराळे, पाणी निराळे, रात्री झोप येत नाही, आपणास कोणी ओळखत नाही, आणि ज्या कामासाठी आलो ते काम नक्की कोणते हेच अजून उमगत नाही. उपदेशकांच्या मुलांकडूनही आम्ही हेच ऐकले आहे. ह्यांतील कित्येकांनी नागपुरातील हिस्लॉप कॉलेजचे नाव ऐकलेले असते. काही तर तेथेच शिकतात. परंतु ज्याच्या नावाचे ते विद्यालय आहे, तो मनुष्यही सत्ताविसाव्या वर्षी असाच नवखा होऊन त्या शहरात आला होता, हे फार थोड्यांस ठाऊक असते. त्याच्या आयुष्याचा आपल्या चांदा व गडचिरोलीच्या रानाशी जो संबंध आला, तो तर आपल्या लोकांसही माहीत नाही. म्हणून त्याची हकीकत आज सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

स्टीफन हिस्लॉप ह्यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंड देशातील डन्स ह्या लहान गावी झाला. बाप गवंडीकामातला. घरात धर्माची शिस्त होती व शिकण्याची आवड होती. लहानपणी स्टीफन व त्यांचे बंधू रॉबर्ट हे शेताबांधांवरून किडे, शिंपले व दगड गोळा करीत हिंडत. हा छंद त्या वेळी कोणास मोठासा वाटला नसेल, पण पुढे परक्या देशात ह्याच छंदाने त्यांस हात दिला. एडिंबरो व ग्लासगो येथे त्यांचे शिक्षण झाले. सन १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या मंडळीत मोठी फूट पडली. पाळक नेमण्याच्या कामी सरकाराचा व जमीनदारांचा हात असू नये, असे मानणारे शेकडो पाळक आपली घरे व पगार सोडून बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च स्थापिले. तरुण हिस्लॉप ह्याच पक्षाचे. हातचे सोडून बाहेर पडणारी माणसे त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती, हे त्यांच्या पुढील चरित्राकडे पाहताना ध्यानात ठेवावे.

मद्रासच्या फौजेतील हिल नावाच्या एका अधिकाऱ्याने आपल्या मृत पत्नीच्या स्मरणार्थ नागपूर प्रांतात मिशन उघडावे म्हणून पैसा देऊ केला होता. त्या कामास हिस्लॉप ह्यांची निवड झाली. १८४४ साली त्यांस दीक्षा मिळाली, एरास्मा हल ह्या बाईंशी लग्न झाले, आणि त्याच वर्षी १३ डिसेंबर रोजी ती दोघे मुंबईस उतरली. तेव्हा आपल्या देशात आगगाडी नव्हती. नागपुरास ती १८६७ त आली. मुंबईपासून नागपूरपर्यंतचा सगळा रस्ता मजल दरमजल करून १८४५ च्या फेब्रुवारीत ती नागपूर प्रांती पोचली. थंडी संपत आली होती आणि पुढे वैदर्भी उन्हाळा उभा होता. डन्सच्या थंड हवेत वाढलेल्या माणसास नागपूरचा पहिला वैशाख कसा गेला असेल, हे आमच्या वाचकांस निराळे सांगणे नको.

नवख्या मनुष्याला पहिला प्रश्न पडतो तो राहावे कोठे हा. नागपुराजवळ कामठीस इंग्रजांची छावणी होती. तेथे त्यांच्याच भाषेची माणसे, त्यांचेच जेवणखाण, त्यांचीच उपासना. नागपूर शहर मात्र तिसरे रघोजी भोसले ह्यांचे. त्यांच्या राज्यात मिशनरी हा पाहुणाही नव्हता आणि रयतही नव्हता. कामठीतच राहून, गोऱ्या शिपायांस उपदेश करून, अधूनमधून शहरात फेरी मारून दिवस काढणे त्यांस सहज शक्य होते, आणि स्वदेशी पाठविण्याच्या अहवालात तेही शोभले असते. छावणीतील काम त्यांनी सोडले नाही. पण आपला खरा मुक्काम शहरातच पाहिजे, हे त्यांनी लवकर ओळखले.

दुसरा प्रश्न भाषेचा. येथे आम्ही थोडे थांबतो, कारण बहुतेकांचे घोडे येथेच अडते. कामठीच्या पलटणी मद्रासच्या, म्हणून छावणीच्या बाजारात तमिळ व तेलुगू चाले. शहरात मराठी, व्यापारी व मुसलमान वस्तीत हिंदुस्थानी, आणि रानातून लाकूड, मध व मोहाची फुले घेऊन येणाऱ्यांच्या तोंडी गोंडी. एका मनुष्याने कोणती शिकावी? हिस्लॉप ह्यांनी मराठी धरली व ती नेटाने शिकले. त्या काळच्या रीतीप्रमाणे नवा मिशनरी पंडितापाशी बसून शिके. मोल्सवर्थचा मोठा कोश १८३१ पासून छापील मिळत होता. पण पंडिताची मराठी पुण्याच्या वळणाची आणि नागपूरच्या बाजारची मराठी आपल्या वळणाची. आमच्या खेड्यांतून गेलेल्या मुलांस शहरात आपल्या बोलीची लाज वाटते. हिस्लॉप ह्यांची अडचण उलटी होती. पुस्तकात शिकलेले शुद्ध वाक्य घेऊन बाजारात उभे राहिले, की समोरचा मनुष्य नुसता पाहत राही, असे प्रत्येक नव्या मिशनऱ्याचे होत असे. ह्यास औषध एकच, ते म्हणजे रोज लोकांत जाणे. ते त्यांनी घेतले.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण, ती म्हणजे काम कोणते हे ठरविणे. स्कॉटलंडात बसून नागपूर प्रांताकडे पाहणाऱ्यांच्या मनात गोंड लोक होते. जे कोणत्याही मोठ्या धर्मग्रंथाने बांधलेले नाहीत, अशा रानच्या लोकांत शुभवर्तमान लवकर रुजेल, अशी पुष्कळांची कल्पना होती. ह्याच आशेने थोडी वर्षे आधी जर्मन मिशनऱ्यांची एक तुकडी अमरकंटकाच्या बाजूस गोंडांत राहावयास गेली होती. त्यांतील बहुतेक काही महिन्यांतच पटकीने मेले. हा दाखला ताजा असताना हिस्लॉप आले. मन रानाकडे ओढत होते, आणि हातातले काम शहरात पडले होते. ज्यांच्यासाठी आलो त्यांच्यापर्यंत पोचायचे, तर आधी त्यांची भाषा जाणणारे, ह्या हवेत टिकणारे, ह्याच मातीतील शिक्षक तयार झाले पाहिजेत. आणि असे शिक्षक शाळेवाचून होत नाहीत. १८४६ साली त्यांनी नागपुरात शाळा उघडली. मुले थोडी होती. पुढे त्यांपैकी कोणी ख्रिस्ताकडे वळू लागला, की शहरात खळबळ उडे, आईबाप मुलांस काढून नेत, वर्ग ओस पडत. आणि मग पुन्हा पहिल्यापासून प्रारंभ. आपल्या उपदेशकांपैकी ज्यांनी गावात शाळा चालविली आहे, त्यांस ह्या दोन ओळींत किती वर्षे गेली असतील ते कळेल.

आरंभीची दोन वर्षे अशी गेल्यावर १८४७ त रॉबर्ट हंटर नावाचे सोबती मिळाले. हंटर हेही दगडधोंड्यांचे शोधक निघाले. सायंकाळी शाळा सुटल्यावर दोघे शहराबाहेर फिरावयास जात. शहराजवळील टाकळी येथे १८५१ साली त्यांस काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये गोड्या पाण्यातील शंख व झाडांची फळे दगड होऊन बसलेली आढळली. म्हणजे ज्या काळी ह्या मुलखावर तप्त रसाचे पूर येत होते, त्या काळी दोन पुरांच्या मधल्या शांततेत येथे तळी होती, त्यांत जीव होते, काठाला झाडे होती. नागपूरच्या आसपासच्या भूमीविषयी त्या दोघांनी लिहिलेला विस्तृत निबंध लंडनच्या भूगर्भशास्त्र मंडळाने १८५५ त प्रसिद्ध केला. टाकळीच्या एका हिरव्या खनिजास पुढे हिस्लॉपाइट हे नाव मिळाले, आणि नागपूरच्या गोड्या पाण्यात सापडलेल्या एका अतिसूक्ष्म, शेवाळासारख्या वाढणाऱ्या प्राण्यास मुंबईचे डॉक्टर कार्टर ह्यांनी १८५८ त हिस्लोपिया म्हटले. पाद्र्याने आत्म्यांकडे पाहावे, दगडांकडे का पाहावे, असे म्हणणारे तेव्हाही होते व आजही आहेत. आम्हांस वाटते की ज्या जमिनीवर आपण पाहुणे म्हणून उभे आहो तिची ओळख करून घेणे, हा यजमानाचा मान ठेवण्याचाच एक प्रकार आहे.

थंडीच्या दिवसांत दौरे निघत. बैलगाडी, तंबू, पुस्तकांची पेटी. वर्धा व वैनगंगा ह्यांच्या मधला चांद्याचा मुलूख तेव्हा नागपूर राज्याचाच भाग होता. १७५१ पर्यंत चांद्यास गोंड राजे नांदले होते, आणि त्यांचा कोट आजही चंद्रपुरात उभा आहे. खुद्द नागपूर शहरही बख्तबुलंद ह्या गोंड राजाने वसविलेले. तेव्हा गोंडांस शोधावयास आलेला हा मनुष्य इतकी वर्षे गोंडांच्याच नगरात मराठी शिकत होता! वरोऱ्याच्या बाजूस मांगली येथील तांबूस दगडातून मिळालेली एका प्राण्याची कवटी हिस्लॉप ह्यांच्या हाती आली व लंडनला गेली. रिचर्ड ओवेन ह्या नामांकित शास्त्रज्ञाने १८५५ त तिचे वर्णन करून तिला ब्रॅकिओप्स हे नाव दिले. बेडकाच्या दूरच्या नात्यातला, रुंद डोक्याचा हा जलचर सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचा, असे आता समजले जाते. सिरोंच्याकडे प्राणहितेच्या काठी कोटा येथे दगडी मासे सापडत होते. ह्या सगळ्या थरांचा काळ कोणता, आणि बंगालच्या कोळशाशी त्यांचा मेळ बसतो की काय, हा वाद हिस्लॉप ह्यांनी शेवटपर्यंत चालविला. पुढे १८७० नंतर वरोऱ्यास कोळशाची खाण चालू झाली. आज कोळशाने आपल्या जिल्ह्याचे जे बरेवाईट केले आहे त्याचा जमाखर्च येथे मांडण्याचे कारण नाही.

दगडांपेक्षा आम्हांस अधिक मोलाचे वाटते ते त्यांचे दुसरे काम. दौऱ्यात व शहरात जेथे गोंड भेटत, तेथे ते शब्द विचारीत. डोळा, कान, पाणी, अग्नि, बाप, आई. मग कुळे, मग देव, मग जन्म, लग्न व मरण ह्यांच्या चाली. गोंडांमध्ये साडेबारा जाती मानतात, असे त्यांनी टिपले. प्रधान हे गोंडांचे परंपरेचे गायक. त्यांच्यापैकी एकाच्या तोंडून त्यांनी लिंगोची सबंध कथा उतरून घेतली. ती कथा आमच्या कित्येक वाचकांनी आजोबांच्या मांडीवर ऐकली असेल: गोंड गुहेत कसे कोंडले गेले, लिंगोने त्यांस कसे सोडविले, महापुरातून ते कसे तरले, आणि कुळे कशी वाटली गेली. ती शब्दशः कागदावर येण्याचा हा आरंभीचा प्रसंग होय. वर्ग घेणारा शिक्षक येथे जमिनीवर बसून शिष्य झाला, हे आम्ही मुद्दाम सांगतो. तसेच हेही लपवीत नाही, की गोंडांच्या देवांविषयी त्यांची मते त्या काळच्या पाद्र्यांसारखीच कडक होती, आणि ज्यांच्या गाण्यास त्यांनी इतके जपले त्यांच्या पूजेत त्यांस अंधारच दिसला. पण एवढे खरे, की गाणे लिहिताना त्यांनी ते आपल्या मतासारखे वाकविले नाही. न पटणारी गोष्टही सांगणाऱ्याने सांगितली तशी उतरून ठेवणे, ही सचोटी थोड्यांना साधते.

मधल्या काळातील राजकीय घडामोडी आम्ही थोडक्यात सांगतो. १८५३ च्या डिसेंबरात रघोजी राजे निपुत्रिक वारले, आणि पुढील वर्षी डलहौसी साहेबाने राज्य खालसा केले. १८५५ त हंटर मायदेशी परतले व पुढे मोठे कोशकार झाले. १८५८ च्या ऑक्टोबरात, आपल्या रानात इंग्रजांविरुद्ध उठलेले बाबूराव शेडमाके ह्यांस चांद्यास फाशी दिले गेले. हिस्लॉप काही काळ विश्रांतीस स्कॉटलंडला जाऊन परत आले. नव्या इंग्रजी अंमलातील गैरकारभार त्यांनी पाहिला तेव्हा, अंमल आपल्या जातभाईंचा आहे म्हणून ते गप्प बसले नाहीत. वर्तमानपत्रातून त्यांनी त्यावर उघड टीका केली. १८६१ साली मध्यप्रांत हा निराळा इलाखा करण्यात आला, त्यामागे जी कारणे होती त्यांत ह्या लिखाणाचीही गणना करतात. पुढे रिचर्ड टेंपल हे मुख्य कमिशनर होऊन आले व हिस्लॉप ह्यांचे स्नेही बनले.

ह्या वेळी हिस्लॉप पंचेचाळीस वर्षांचे होते. अठरा वर्षे नागपुरात गेली होती. बाप्तिस्मा घेतलेले लोक थोडेच होते. शाळा मात्र पक्की झाली होती. गोंडांत राहून काम करण्याचा बेत अजून बेतच होता. टिपणांचे कागद वाढत चालले होते व ते जुळवून पुस्तक करण्यास सवड मिळत नव्हती.

१८६३ च्या सप्टेंबरात टेंपल साहेबांचा मुक्काम नागपूरच्या दक्षिणेस बोरी येथे होता. जवळच टाकळघाट येथे प्राचीन लोकांनी मृतांभोवती रचलेली दगडांची वर्तुळे आहेत. हिस्लॉप ह्यांनी त्यांपैकी काही उकरून पाहिली होती व आत लोखंडाच्या वस्तू आणि मातीची भांडी मिळाली होती. ४ तारखेस ही स्थळे दाखविण्यास ते टेंपल साहेबांबरोबर गेले. पाहणे आटोपल्यावर साहेबांची मंडळी बोरीस परतली. हिस्लॉप मागे राहिले, कारण टाकळघाटच्या शाळेतील मुलांची परीक्षा घ्यावयाची होती. परीक्षा संपेतो सांज झाली. मग ते घोड्यावर बसून एकटेच निघाले. वाटेत एक नाला. सकाळी ओलांडला तेव्हा पाणी थोडे होते. दरम्यान वर कोठे पाऊस कोसळून त्यास पूर आला होता. भाद्रपदातील नाल्यांची ही दगाबाजी आपल्याकडे लहान मुलांसही ठाऊक असते, आणि तरी प्रत्येक पावसाळ्यात कोणी तरी तीस बळी पडतो. घोडा सुटला; स्वार सुटला नाही. शोधास माणसे धावली व त्यांचे प्रेतच हाती आले. शेहेचाळिसावा वाढदिवस चार दिवसांवर होता. नागपुरातच त्यांस मूठमाती देण्यात आली. पत्नी व मुले मागे राहिली. त्यांच्याकरिता लोकांनी वर्गणी जमविली.

घरी कागदांचे गाठोडे राहिले. गोंडी शब्दांच्या याद्या, जातींची टिपणे, प्रधानाने सांगितलेले गाणे; काही पुरे, काही अर्धवट. टेंपल साहेबांनी ते सर्व स्वतः नीट लावून, टीपा जोडून १८६६ त नागपुरास छापविले. त्याच सुमारास फ्री चर्चने गोंडांकरिता निराळे काम छिंदवाड्यास आरंभिले, आणि तेथील डॉसन ह्यांनी पुढे शुभवर्तमानांचे भाग गोंडीत उतरविले. चांद्यास स्कॉटलंडच्याच एपिस्कोपल मंडळीने मिशन उघडले. नागपूरच्या शाळेतून वाढलेले कॉलेज १८८३ त सुरू झाले व त्यास हिस्लॉप ह्यांचे नाव दिले गेले.

ते १८६६ चे पुस्तक मोठ्या ग्रंथालयांत अजून पाहावयास मिळते. त्यात लिंगोचे गाणे गोंडीतच आहे, परंतु अक्षरे रोमन आणि खाली अर्थ इंग्रजीत. ज्या प्रधानाने ते म्हटले, त्यास ते वाचता आले नसते. त्याचे पणतू आता नागपुरास शिकतात.